पुण्यातून सायकलवर कुठे जायचं: आधी महिना, मग घर, मग रस्ता

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरहून नोकरीसाठी पुण्याच्या पूर्व टोकाला खराडीला आलोय, नवरा-बायको दोघांनी गिअरच्या हायब्रिड सायकली घेतल्यात, सोसायटीभोवती चकरा मारून कंटाळा आला, आता शनिवार-रविवारी डोळ्यांना बरं वाटेल असं काहीतरी हवंय, ३० ते ८० किलोमीटर, हायवे आणि ट्रक शक्यतो नको, चढाची दोघांनाही सवय नाही, आणि "पुण्याजवळचे टॉप टेन रूट" छाप यादी नको. आत्ता मे चालू आहे.

यादी नको म्हणालात ते बरं झालं, कारण त्या सगळ्या याद्यांमध्ये सिंहगड, लवासा, मुळशी, लोणावळा हेच असतं आणि ते कोथरूडमध्ये राहणाऱ्याने कोथरूडवाल्यांसाठी लिहिलेलं असतं. खराडीहून पश्चिम टोकाचा चांदणी चौक गाठायलाच २० किलोमीटर लागतात, म्हणजे मुळशीची राईड सुरू व्हायच्या आधी तुम्ही अख्खं शहर आडवं कापलेलं असतं, आणि परत येताना अकरा-साडेअकराला तेच शहर पुन्हा, तेव्हा सकाळी जे काही बघितलं ते सगळं विद्यापीठ चौकाच्या सिग्नलला विसरायला होतं. माझं सरळ म्हणणं आहे की पुण्यात आधी महिना बघायचा, मग आपलं घर कुठल्या कोपऱ्यात आहे ते बघायचं, आणि रस्त्याचं नाव त्यानंतर. हे उलटं करणारेच दोन महिन्यांत सायकल बाल्कनीत लावतात आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालतात.

महिना का, तर सह्याद्रीची मुख्य रांग शहराच्या पश्चिमेला, ढग तिथेच रिकामे होतात आणि पूर्वेकडे सरकलं की पाऊस झपाट्याने कमी होतो. ताम्हिणीत मोसमात हजारो मिलिमीटर कोसळतो, शहरात वर्षाचा सगळा मिळून ७००-७५० च्या आसपास, दौंडकडे त्याहूनही कमी. त्यामुळे जूनअखेर ते ऑक्टोबर जे काही बघण्यासारखं आहे ते पश्चिमेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्वेला मजा, नदीकाठ, पक्षी, ज्वारीची रानं, सकाळचं धुकं. आणि मार्च ते मे शहरातच फिरायचं, साडेसातला परतीला लागायचं. एप्रिलमध्ये मुळशीला जाऊन "एवढं काय त्याचं कौतुक" म्हणणारे लोक दरवर्षी भेटतात, अरे बाबा तेव्हा डोंगर वणव्याने काळे झालेले असतात आणि धरण तळाला गेलेलं असतं, काय बघणार.

वाऱ्याचं पण लक्षात ठेवा, हे कोणी सांगत नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारकडे वाढत जातो. पश्चिमेला गेलात तर सकाळी ताजेतवाने असताना तोंडावर आणि दमून परतताना पाठीवर, म्हणजे सोयीचं. पूर्वेला उलटं होतं, जाताना आपण फारच भारी चालवतोय असा गैरसमज होतो आणि थेऊरहून फिरलं की कळतं की ते श्रेय वाऱ्याचं होतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पूर्वेची राईड करायचीच असेल तर आखूड करा.

आता तुमचं घर. खराडीला लोक नावं ठेवतात पण सायकलवाल्यासाठी ती जागा वाईट नाही, फक्त नगर रोड विसरा. वाघोलीचा पट्टा म्हणजे निव्वळ शिक्षा, पहाटे साडेपाचला सुद्धा कंटेनर आणि कंपन्यांच्या बस असतात. तुम्ही मुंढव्याचा पूल ओलांडून केशवनगरवरून मांजरी बुद्रुकला या, तिथून नदीवरचा पूल पार करून मांजरी खुर्द, पुढे कोलवडी आणि मग थेऊर. मांजरीपर्यंत रस्ता अरुंद आणि बांधकामवाल्यांच्या कृपेने खडीचा आहे, त्यामुळे सहाच्या आत तो भाग संपवायचा, एकदा कोलवडीच्या बाजूला लागलात की दोन्हीकडे ऊस आणि भाजीपाल्याची रानं सुरू होतात आणि आपण एका आयटी पार्कपासून इतक्या जवळ आहोत हे खरं वाटत नाही. चढ जवळजवळ नाही, नागपूरच्या पायांना एकदम मानवेल. थेऊरला चिंतामणीचं दर्शन घ्या, अष्टविनायकातला गणपती आहे त्यामुळे चतुर्थीला मात्र चुकूनही जाऊ नका, पार्किंगच्या रांगेत सायकल सुद्धा अडकते. थोरल्या माधवराव पेशव्यांचा मृत्यू इथेच झाला, १७७२ साली, आणि रमाबाई सती गेल्या त्याचं स्मारक नदीकाठाला आहे. देवळात गर्दी असली तरी तिकडे कोणी नसतं.

थेऊरहून आल्या रस्त्याने परत फिरलात तर चाळिशीच्या आसपास किलोमीटर होतात, पहिल्या दोन-तीन राईडना एवढं पुरे. नंतर अंगात आलं की थेऊर फाट्याला सोलापूर रोडवर या, तिथून लोणी काळभोर आणि आत रामदरा. रामदऱ्याचं देऊळ छोट्या तळ्याच्या मधोमध आहे, भोवती नारळाची झाडं, मागे बोडका डोंगर. पोस्टकार्डसारखं दिसतं हे खरं आहे, पण दहानंतर रील बनवणारे येतात, सातला पोचा. लोणीतून आत जाणारा रस्ता कधी चांगला कधी खड्ड्यांचा, टायर ३२-३५ एमएमचे असतील तर काही अडत नाही. सोलापूर रोडचा जो काही तुकडा लागतो तो डाव्या कडेने, घाई न करता, आणि हेल्मेटला मागे लाल दिवा लावूनच करा, दिवस उजाडलेला असला तरी.

या बाजूची माझी सगळ्यात आवडती जागा कवडी पाट. सोलापूर रोडला जुन्या टोलनाक्याजवळून डावीकडे आत वळायचं, नदीवर जुना दगडी बंधारा आहे. मुळा-मुठेचं पाणी इथवर येईपर्यंत त्याचं काय झालेलं असतं ते वेगळं सांगायला नको, बंधाऱ्याखाली पांढरा फेस साचतो, वास येतो, काठाला प्लास्टिक. तरी डिसेंबर-जानेवारीत सकाळी तिथे उभं राहून बघा. नारिंगी अंगाचे चक्रवाक जोडीजोडीने, चोचीला टोकाशी पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेलं हळदीकुंकू बदक, काडीसारख्या गुलाबी पायांचे शेकाटे, दगडांवर शेपटी हलवत पळणारे धोबी. ऊन वर यायच्या आधी फेसावरून वाफ निघत असते आणि त्यातून हे सगळे चालत असतात. सुंदर म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मला तरी तिथून लवकर निघवत नाही. सायकल बंधाऱ्यावर नेऊ नका, वर शेवाळं असतं, काठालाच ठेवा. दुर्बीण असेल तर हँडलच्या पिशवीत टाका. आणि पक्ष्यांना फरसाण टाकणाऱ्या लोकांना दोन शब्द सुनावलेत तर माझी हरकत नाही.

हिवाळ्याच्या शेवटाला पायात ताकद आली असेल तर याच बाजूला एक लांबची राईड आहे जी कोथरूडवाल्यांना फारशी माहीत नसते. थेऊरवरून उरुळी कांचन, तिथे १९४६ साली गांधीजींनी सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आहे, आणि तिथून दक्षिणेला शिंदवणे घाट. घाट छोटा आहे, पण एक-दोन वळणांवर सायकल पुढे जायला नाही म्हणते, तिथे उतरून ढकलली तरी लाज वाटून घेऊ नका. वर गेलं की हवाच बदलते, पुरंदरचं पठार सुरू होतं, मागे वळून बघितलं तर खाली उसाचा हिरवा पट्टा आणि नदी. पुढे वाघापूर चौफुल्यावरून एक रस्ता सासवडला जातो, दुसरा माळशिरसच्या भुलेश्वरला. भुलेश्वरचं देऊळ बाहेरून देऊळ वाटतच नाही, किल्ल्याचा भाग वाटतो, आत शिरलं की यादवकाळातलं कोरीव काम, आणि गणपतीचं स्त्रीरूप कोरलेलं आहे ते पुजाऱ्यांना विचारून बघा, नाहीतर शोधत बसाल. ही राईड जाऊन-येऊन शंभरच्या आतबाहेर जाते म्हणजे तुमच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, पण उरुळीपर्यंत गाडीने नेऊन तिथून सायकल काढली तर निम्मी होते. सीझन असेल तर रस्त्याकडेला अंजिराचे पुडे मिळतात, पुरंदरच्या अंजिराला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, चार खाऊन बाकीचे सॅकमध्ये टाकू नका, घरी पोचेपर्यंत जॅम झालेला असतो.

सासवडचा विषय निघालाच तर बोपदेव घाट. कोंढवा, येवलेवाडी आणि मग घाट. पुण्यात सायकल शिकलेल्या प्रत्येकाची पहिली परीक्षा हीच असते, रविवारी सकाळी साठीच्या आजोबांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे भेटतात, आणि आजोबा बहुतेक वेळा तुम्हाला मागे टाकतात. खरा चढ तीन-साडेतीन किलोमीटरचा. वर टपरीवर चहा घेऊन शहराकडे बघायचं, सकाळी त्यावर करड्या धुराची चादर दिसते, आपण रोज कशात श्वास घेतो ते कळतं. पुढे भिवरीवरून सासवडपर्यंत उतार आणि सपाट, गाव छान आहे, कऱ्हाकाठी संगमेश्वर आणि चांगावटेश्वर ही दोन जुनी देवळं बघाच, सोपानदेवांची समाधीही इथेच. बरेच जण तिथून दिवे घाट उतरून हडपसरला येतात, वरून मस्तानी तलाव दिसतो, दिसायला झकास आहे. पण त्या घाटात ट्रक खूप, आणि पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचं काम निघाल्यापासून रस्त्याचा भरवसा नाही, तुम्ही नवीन आहात तर आल्या वाटेने बोपदेवच उतरा. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी मात्र दिवे घाटात सायकल काढायची नाही, चालत जायचं. तो दिवस वारकऱ्यांचा.

पावसाळ्यात काय, तर पश्चिम. तुम्ही दोघं खराडीहून पॅडल मारत जाऊ नका, गाडीच्या मागे लावायचा सायकल कॅरिअर मिळतो तो घ्या, पिरंगुट किंवा पौडला गाडी लावा आणि तिथून चालवा. "मग ती कसली सायकलिंग" म्हणणारे भेटतील, त्यांना म्हणावं तुम्ही चांदणी चौकातून जा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथला जुना पूल पाडला, २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवीन उड्डाणपूल सुरू झाला, गाड्यांचं भलं झालं, पण सायकलवाल्याला कुठल्या रॅम्पला लागलो तर थेट हायवेला फेकले जाऊ हे अजून नीट कळत नाही. पुढे भूगाव-भुकूमला लग्नाच्या कार्यालयांचा ट्रॅफिक आणि पिरंगुटला एमआयडीसीचे ट्रक. खरी मुळशी पौडच्या पुढेच सुरू होते.

पौडहून सरळ गेलात की मुळशी धरण. हे धरण टाटांचं, पाणी पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघराकडे सोडतात, आणि याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. काठाकाठाने ताम्हिणीकडे जाणारा रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये काय दिसतो ते मी सांगायची गरज नाही, पण तेच अख्ख्या पुण्याला आणि मुंबईलाही माहीत आहे, रविवारी नऊनंतर धबधब्यापाशी गाड्या आडव्या लावून लोक नाचत असतात आणि त्यातले काही प्यालेले असतात. ताम्हिणी करायची तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी सुट्टी टाकून करा, नाहीतर नकोच.

त्याऐवजी पौडहून उजवीकडे कोळवणला वळा. माझ्या मते पुण्याजवळचा पावसाळ्यातला सगळ्यात सुंदर रस्ता हा आहे, आणि हे वाक्य वाचून माझ्याबरोबर चालवणारे दोन-तीन जण भांडायला येणार, येऊ देत. दोन्ही बाजूला डोंगर, मधे सपाट खोरं आणि त्यात भाताची खाचरं. जुलैच्या मध्याला गेलात तर लावणी चालू असते. आधी चिखलणी, खाचरात पाणी तुंबवून चिखल लोण्यासारखा मऊ करतात, मग तरव्यातून, म्हणजे रोपांच्या वाफ्यातून, उपटलेल्या रोपांच्या मुठी बांधावरून खाचरात फेकतात, त्या बरोब्बर अंतरावर पडतात, आणि बायका एका ओळीत वाकून मागे सरकत सरकत लावत जातात. पाठीवर पूर्वी इरलं असायचं, आता निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या खोळी, त्या पोपटी रंगावर लांबून ठिपके दिसतात. सायकल स्टँडला लावून पाच मिनिटं नुसतं बघा, पण फोटो काढायच्या आधी विचारा, कंबर मोडून काम करणाऱ्या माणसासमोर आपण हेल्मेट-गॉगल घालून मोबाईल धरायचा हे बरं दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये हाच रस्ता पिवळा होतो, इंद्रायणी भाताचा वास सुटतो, काही ठिकाणी शेतकरी थेट तांदूळ विकतात, नवा तांदूळ जरा चिकट होतो पण आमटीबरोबर दुसरं काही नको.

कोळवण, हाडशी करत जवणला गेलात की तिकोना किल्ला समोर उभा राहतो आणि त्याच्या पलीकडे पवना धरण. पौडपासून तिकोना पेठेपर्यंत जाऊन परत फिरायचं, मधे चढउतार आहेत पण घाट म्हणावा असा जीवघेणा काही नाही. ज्यांना दमच काढायचाय ते पवनानगर, कामशेतवरून जुन्या मुंबई हायवेने पुण्यात येतात, ती शंभरच्या पुढची भानगड झाली.

खडकवासला-पानशेतचं सांगतो. सिंहगड रोड हा पुण्यातला सगळ्यात वैतागवाणा रस्ता आहे, उड्डाणपुलानंतरही माझं मत बदललेलं नाही, तो साडेपाच-सहाला पार करायचा. खडकवासला धरण एकोणिसाव्या शतकातलं, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा हेही गेलं आणि अर्ध्या पुण्यात पाणी शिरलं, जुन्या पेठांमध्ये अजून कुठल्याही आजी-आजोबांना विचारा, कुठल्या पायरीपर्यंत पाणी होतं ते सांगतील. धरणाची चौपाटी सोडून पुढे डोणजे फाट्याला सगळी झुंड सिंहगडाकडे वळते, तुम्ही सरळ जायचं. गोऱ्हे, खानापूर, मालखेड, सोनापूर, रुळे, ओसाडे अशी गावं लागतात आणि उजवीकडे जलाशयाचं पाणी कधी जवळ येतं कधी झाडीआड जातं. रस्ता सारखा वरखाली होतो, मोठा चढ एकही नाही पण छोटे इतके की पानशेतला पोचेपर्यंत मांड्या बोलायला लागतात. डोणजेला गाडी लावून पानशेत जाऊन-येऊन केलं तर तुमच्या दोघांच्या बजेटमध्ये बसतं. परतताना एखाद्या घरगुती खानावळीत भाकरी, भरीत, ठेचा, आणि जाताना सांगून ठेवलं तरच वेळेवर मिळतं. चालवून झाल्यावर खा, आधी भरपेट भाकरी खाऊन चढ चढून बघू नका.

याच जलाशयाचा पलीकडचा काठ, एनडीए (लष्करी प्रबोधिनी) रोडने कोंढवे-धावडे, कुडजे, आगळंबे, मांडवी, सांगरूण, तिथे रविवारी सुद्धा निवांत असतं. सांगरूणजवळ आंबी, मोसी आणि मुठा या नद्या एकत्र येतात. एनडीएच्या आतला रस्ता मात्र आपल्यासाठी बंद, नकाशा दाखवत असला तरी गेटवर हुज्जत घालू नका.

सिंहगड. विचारलं नाहीत तरी विचारणारच. गोळेवाडीच्या नाक्यापासून वर गाडीतळापर्यंत नऊ-दहा किलोमीटर, साधारण ६०० मीटरचा चढ, गडाची उंची १३०० मीटरच्या थोडी वर. तुम्ही बोपदेव न थांबता करायला लागलात की मगच जा, आणि रविवारी नको, वर पार्किंग भरलं की गाड्या घाटातच उभ्या राहतात आणि त्यांच्या क्लचचा जळका वास खात चढावं लागतं. पावसाळ्यात दरडी पडतात, वनखातं रस्ता बंद ठेवतं, तेव्हा "सायकलच आहे हो" म्हणून गयावया करू नका. वर मडक्यातलं दही आणि कांदाभजी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. उतरताना मात्र लक्ष द्या, बऱ्याच लोकांना चढ अवघड वाटतो पण पडतात ते उतारावर. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही, सोडत-दाबत, दोन्ही ब्रेक मिळून, वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासणारे) असतील तर पावसात चाकाचे पहिले दोन-तीन फेरे होईपर्यंत ते धरतच नाहीत, त्यामुळे आधीच हलका दाब देऊन रिम पुसून घ्यायचा. चढताना याच्या उलट, छोट्या गिअरला लवकर जा, पाय जड झाल्यावर गिअर टाकलात तर चेन कडकड करते आणि कधी निसटते.

पुढच्या वर्षासाठी एक नाव लिहून ठेवा, पाबे घाट. खानापूरहून वेल्ह्याकडे उतरतो, खिंडीतून तोरणा आणि राजगड दोन्ही दिसतात. मार्गासनी, नसरापूरवरून परत येता येतं, पण मग बंगलोर हायवे आणि कात्रज नशिबी येतं. तिकडून येताना जुना कात्रज घाट धरायचा, नवीन बोगद्याने आलात तर पुढे नवले पुलाचा उतार आहे, तिथे ट्रकचे ब्रेक निकामी होऊन काय काय होतं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल, सायकलवाल्याने त्या उतारावर जायचंच नाही.

सामानाचं फार बोलत नाही. एक जास्तीची ट्यूब, टायर उचकटायचे दोन लिव्हर, छोटा पंप, पाच-सहा एमएमचा ॲलन की (षटकोनी पाना), माणशी दोन बाटल्या पाणी, एकीत मीठ-साखर-लिंबू. ट्यूब घेताना व्हॉल्व्ह कुठला ते बघा, पातळ असेल तर प्रेस्टा, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही, दहा-वीस रुपयांचा पितळी ॲडॅप्टर मिळतो तो पंपाला रबरबँडने बांधून ठेवा. पंक्चर काढायची प्रॅक्टिस घरीच, मागच्या चाकाची, दोघांनीही करायची, कारण पंक्चर नेहमी मागचंच होतं आणि ज्याला येतं तो नेमका पुढे निघून गेलेला असतो.

कुत्री. मांजरीपासून कोळवणपर्यंत सगळीकडे आहेत आणि पहाटे ती रस्त्याचे मालक असतात. जोरात पॅडल मारून पळायचा मोह होतो, सपाटीला तुम्ही सुटाल पण चढाला नाही. वेग कमी करा, खाली उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरा आणि चालत पुढे जा, दरडावून बोलायला हरकत नाही, बाटलीतलं पाणी उडवलं तरी बहुतेक मागे सरतात. त्यांची हद्द संपली की ती आपोआप थांबतात. चावलंच तर राईड तिथेच सोडायची, साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन, "बघू संध्याकाळी कसं वाटतं" असलं काही नाही.

आत्ता मे आहे म्हणून जून लागेपर्यंत शहरातच फिरा. साडेपाचला निघून कल्याणीनगरवरून जुन्या बंडगार्डन पुलाशी या, ते दगडी सिंह बघा, मग कोरेगाव पार्कची वडाची झाडं, कॅम्पातून एम्प्रेस गार्डनच्या बाजूने रेसकोर्स, तिथून पेठांमध्ये. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, विश्रामबागवाडा, तुळशीबाग बंद असताना किती छोटी दिसते ते बघायचं, मग नदी ओलांडून जंगली महाराज रोडला आठव्या शतकातलं पाताळेश्वर. या दिवसांत बहावा आणि गुलमोहर भरात असतात, ताम्हणही फुललेली असते, विद्यापीठाच्या बाजूला गेलात तर जास्तच. सातपर्यंत पेठेतल्या मिसळीपाशी, साडेसातला परतीला. जाऊन-येऊन तिशीच्या पुढे जातं.

आणि पहिला पाऊस पडला की लगेच पश्चिमेला पळू नका. पहिल्या सरींमध्ये रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून निसरडं होतं, खड्डे कुठे आहेत तेही कळायचं असतं, डोंगरही अजून मातकटच असतात. जुलैचा पहिला आठवडा जाऊ द्या, मग शनिवारी पहाटे पौडला गाडी लावा. तोवर मडगार्ड बसवून घ्या, नाहीतर बायको मागे असेल तर तिच्या तोंडावर सगळा चिखल तुमच्याच चाकाचा.